‘मिलेट’ला बाजरी म्हणावं का? (संदर्भ : प्राचीन चीन)

पानगळ : प्राचीन चीनवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. मूळ वाक्याचा आशय असा : उत्तरेच्या कोरड्या भागातले लोक ‘मिलेट’ पिकवत, दक्षिणेच्या पाणथळ भागातले भात. आधीच्या एका भाषांतरात ‘बाजरी’ दिसली. ती ठेवू, की सरळ ‘भरडधान्य’ लिहू?

शिवारकर : बाजरी नको. ती मूळची आफ्रिकेतली, आपल्याकडेही तिकडूनच आली. पीत नदीच्या खोऱ्यातली धान्यं दोन, ‘सू’ आणि ‘शू’. पैकी सू म्हणजे आपला राळा. शीआनजवळ बानपोला १९५४ ते ५७ मध्ये उत्खनन झालं, तिथे राळ्याचे अवशेष मिळालेत.

‘भरडधान्य’ चूक नाही, पण त्यात ज्वारी-मका सगळंच येतं आणि वाक्यातली गंमत जाते. तिकडे पाऊस बेताचा, तोही बराचसा जुलै-ऑगस्टात. राळा कमी पाण्यावर अडीच-तीन महिन्यांत हाती येतो, म्हणून तिथल्या लोकांनी तो धरला. माती लोएस, म्हणजे वाऱ्याने आणून टाकलेली पिवळसर भुकटी. उकरायला सोपी, तरी उभी कापली तर ढासळत नाही. त्याच मातीत अर्धी जमिनीखालची घरं खणली, त्याच मातीत धान्याची पेवं. हबेई प्रांतातल्या त्सशान इथे अशी पेवं शेकड्यांनी सापडलीत. तेव्हा ‘पेव’ हा शब्दही बिनधास्त वापरा, ‘साठवण खड्डे’ कशाला?

कोशकिडा : राळ्याला +१. खरी पंचाईत ‘शू’ची. कोशात त्याला ‘वरी’ सापडेल, पण वाचक लगेच उपासाची भगर डोळ्यांसमोर आणणार, आणि दुकानातली भगर बहुधा दुसऱ्याच जातीची असते. संस्कृतात याच धान्याला ‘चीनक’ म्हणतात, हिंदीत ‘चेना’. मी ‘चीनक (वरीची एक जात)’ असं लिहीन.

पानगळ : चीनक आवडला! पुढे हमुदूच्या घरांचा उल्लेख आहे. ‘मचाणावरची घरं’ चालेल?

शिवारकर : मचाण राखणीचं किंवा शिकारीचं. हमुदूला, यांगत्से नदीच्या मुखाच्या दक्षिणेला, सुमारे ७,००० वर्षांपूर्वी लोक दलदलीत लाकडी खांब ठोकून वर राहत. ‘खांबांवरची घरं’ पुरे. त्या लाकडांना खाचा-कुसवांचे सांधे होते, म्हणजे एका लाकडाचं निमुळतं टोक (कुसू) दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं; ‘कुसू’ हा सुतारकामातला शब्द तिथे चपखल बसेल. म्हशीच्या खांद्याच्या हाडाची अवजारं आली तर ‘फावडी’ लिहा.

कोशकिडा : जाता जाता, लेखात ‘शजी’ आलं तर शब्दशः जाऊ नका. ‘श’ भूमीची देवता, ‘जी’ धान्याची. दोन्ही मिळून अर्थ होतो राज्य किंवा देश.

पानगळ : आलंय, शेवटच्या परिच्छेदात! मी ‘माती आणि धान्य’ करून बसले असते. ‘राज्य’ लिहिते.