गवत कापायच्या मिनी ट्रॅक्टरला सायलेन्सरचं तोंड कुठे ठेवावं? (द्राक्षबाग)

निफाडचा_बागायतदार
नमस्कार मंडळी. माझी साडेतीन एकर थॉमसन जातीची द्राक्षं आहेत, अडीच एकर मांडवावर आणि एक एकर वायवर (इंग्रजी Y आकाराच्या आधारावर). दोन ओळींत ९ फूट अंतर. तणनाशक मारणं दोन वर्षांपासून बंद केलंय. गवत येऊ देतो आणि मागे चार फुटी मल्चर लावून कापून तिथेच पाडतो. त्यासाठी जुना २४ एचपीचा ट्रॅक्टर घेतला. त्याचा सायलेन्सर बॉनेटवर उभा आहे, पण तारेला लागू नये म्हणून आधीच्या मालकाने कापून बुटका केलाय. धूर सरळ मांडवावर जातो. गोडी छाटणीनंतर (फळांसाठीची छाटणी) कोवळी फूट वीतभर झाली असताना फिरवला, तर बरोबर नळीच्या रेषेतल्या पानांच्या कडा करपल्या. तिसऱ्या दिवशी पान हातात घेतलं की चुरा व्हायचा. आता तोंड बाजूला काढू की खाली? आणि डावीकडे की उजवीकडे? वेल्डिंगवाल्याकडे जायच्या आधी तुमचा सल्ला हवाय.

तासगावकर
दादा, मांडवात उभा नकोच. पान करपतं ते दिसतं तरी, घडावर काजळी बसली तर ती धुऊन जात नाही. बागेसाठी येणाऱ्या काही ट्रॅक्टरांना खालचा सायलेन्सर कंपनीतूनच मिळतो. तुमच्या मॉडेलला तो किट म्हणून मिळतो का, हे आधी विचारा. मिळाला तर कापाकापी करूच नका.

डाळिंबवाला_सटाणा
खाली काढा, पण जमिनीकडे सरळ रोखू नका. मी ती चूक केली होती. फेब्रुवारीत गवत वाळलेलं, मल्चरचा भुसा उडतो आणि गरम नळीवर बसतो. बांधाला वळताना करपल्याचा वास आला म्हणून उतरलो, तर सायलेन्सरच्या पट्टीत अडकलेला भुसा धुमसत होता. कॅनमधलं पिण्याचं पाणी ओतलं म्हणून निभावलं. तेव्हापासून दर दोन तासांनी इंजिन बंद करून नळी निवू देतो आणि मग ब्रशने भुसा काढतो. शिवाय सरळ खाली सोडलं की धूळ उडते आणि एअर क्लीनर लवकर भरतो.

गॅरेज_चाळीस_वर्षं
भाऊ, तीन गोष्टी बघा: डोक्यावर काय आहे, जमिनीवर काय आहे आणि तुम्ही बसता कुठे.

डोक्यावर वेल आहे, म्हणजे वरचा मार्ग बंद. जमिनीवर वाळलं गवत आहे, म्हणजे सरळ खालीही नको. उरली बाजू. पण बाजूला तुमची ठिबकची नळी आहे, ते विसरू नका! द्राक्षात ही नळी, म्हणजे लॅटरल, तारेवर दीड फुटावर टांगलेली असते. तोंड त्याच उंचीवर आडवं ठेवलं आणि ओळीच्या टोकाला ट्रॅक्टर चालू ठेवून गप्पा मारत उभे राहिलात, तर नळी मऊ पडते. डिझेल इंजिनावर पूर्ण लोड असताना मॅनिफोल्डपाशी (इंजिनातून धूर बाहेर पडतो तिथे) धूर ४००-५०० अंशांपर्यंत तापतो. तोंडापर्यंत येताना तो निवतो, पण प्लास्टिकला तेवढंही पुष्कळ झालं.

म्हणून नळी इंजिनाच्या बाजूने खाली आणा, फूटबोर्डाच्या पुढेच थांबवा, आणि तोंड मागे व थोडं बाहेर वळवा. टायरवर झोत नको. बाजूचं म्हणाल, तर मल्चरकडे बघायला तुम्ही ज्या खांद्यावरून मागे वळता, त्याच्या विरुद्ध बाजूला काढा. बहुतेक जण उजवीकडून वळतात, कारण हायड्रोलिकचा दांडा उजव्या हाताला असतो. पण काही इंजिनांचा मॅनिफोल्डच उजवीकडे असतो. मग नळी इंजिनाखालून फिरवत बसू नका, उजवीकडेच ठेवा आणि तोंड जास्त बाहेर वळवा.

नळीचा व्यास मूळ नळीपेक्षा कमी करू नका. काटकोनातले कोपर टाळा, लांब वळण द्या. धूर कोंडला की इंजिन तापतं आणि ताकद कमी होते. नळीला चेसिसवर रबरी बुशवाला क्लॅम्प हवाच, नाहीतर मल्चरच्या थरथरीने मॅनिफोल्डजवळचं वेल्डिंग तडकतं. नळीजवळून डिझेलचा पाइप किंवा वायरिंग जात असेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा लावा.

दिंडोरीची_ताई
ट्रॅक्टर मी स्वतः चालवते. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय. मांडवाखाली धूर साचतो, वारा लागत नाही. म्हणून मी वाऱ्याला पाठ करून ओळीत शिरत नाही, कारण आपलाच धूर आपल्याबरोबर चालतो. सकाळी वारा कुठून आहे ते बघून सुरुवात करा. आणि शेडचं दार बंद ठेवून ट्रॅक्टर कधीच चालू करू नका.

निफाडचा_बागायतदार
ताई, वाऱ्याचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गॅरेजवाले काका, मॅनिफोल्ड डावीकडेच आहे. लॅटरल मोजली, जमिनीपासून १७ इंच भरली. तोंड किती उंचीवर ठेवू?

गॅरेज_चाळीस_वर्षं
१० ते १२ इंच ठेवा आणि तोंड तिरकं कापून घ्या, म्हणजे झोत लॅटरलच्या खालून मागे जाईल. बोदाची (वेलींच्या ओळीतला मातीचा उंचवटा) उंची मात्र आधी मोजा. बोद उंच असेल तर झोत त्यावर आपटून वर येतो. पहिल्या दिवशी फक्त दोन ओळी फिरवा आणि लॅटरलला हात लावून बघा. चटका बसला तर तोंड आणखी मागे वळवून घ्या.

निफाडचा_बागायतदार
बोद ८ इंच आहे. गुरुवारी वेल्डिंगला नेतो आणि दोन ओळी फिरवून इथेच कळवतो.