काळवीट आणि माळढोक : वर्गीकरण नि संवर्धन दर्जा यांची तुलना

गवताळ: तक्ता करतेय. एक सस्तन प्राणी, एक पक्षी, दोन्ही माळरानावरचे. माळढोकाचा गण एका पुस्तकात क्रौंचांचा दिलाय, दुसऱ्यात वेगळा. आणि दोघंही अनुसूची १ मध्ये आहेत, मग धोकाही सारखाच धरायचा का?

रवंथ: काळवीट: गण आर्टिओडॅक्टिला (समखुरी), कुळ बोव्हिडी, अँटिलोपी सर्व्हिकाप्रा. अँटिलोपी या प्रजातीत (जीनसमध्ये) ही एकच जाती (स्पीशीज). 'हरीण' म्हणतो म्हणून चितळ-सांबराच्या सर्व्हिडी कुळात टाकू नका, नेहमीची चूक आहे ती. चितळाची शिंगं भरीव हाडाची, गळून पुन्हा येतात. काळविटाच्या शिंगात हाडाचा गाभा, वर केराटिनचं (नखं ज्याची असतात त्या पदार्थाचं) आवरण, आणि ती जन्मभर टिकतात. नातं गाय-शेळीशी जवळचं.

माळढोक: आर्डिओटिस नायग्रिसेप्स, कुळ ओटिडिडी. जुनी पुस्तकं ग्रुइफॉर्मिस म्हणजे क्रौंचांचा गण देतात. जनुकीय अभ्यासानंतर ओटिडिफॉर्मिस हा स्वतंत्र गण मानतात, तोच लिहा.

पाणवठा: धोका सारखा धरलात तर तक्ताच फसेल. अनुसूची म्हणजे १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण. शिकार केली तर शिक्षा किती, ते त्यावरून ठरतं. नामशेष होण्याची शक्यता आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेची लाल यादी सांगते. तिथे काळवीट २०१७पासून 'कमी चिंताजनक', आधी 'संकटसमीप' होता. माळढोक २०११पासून 'अतिसंकटग्रस्त'. उरलेत दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी. साइट्सचा, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराचा, रकाना घ्याच: माळढोक परिशिष्ट १ (सर्वांत कडक), काळवीट परिशिष्ट ३.

गवताळ: माळरान एकच, मग एवढी तफावत कशी?

पाणवठा: काळवीट शेताच्या कडेला पिकावरही निभावतो. सहा महिन्यांत पाडस, मादी लवकर वयात येते; शिकार थांबली की कळप वाढतो. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. कुत्र्याने, कोल्ह्याने ते फोडलं की बहुतेकदा तो विणीचा हंगाम गेलाच. त्यात मोठा नर पंधरा किलोपर्यंत भरतो आणि डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे समोरचं कमी दिसतं. वीजवाहिनी दिसेपर्यंत एवढं वजन वळवायला वेळ उरत नाही. शिकारबंदीचा कायदा तारेपुढे काय करणार?

रवंथ: लाल यादीच्या दर्जापुढे मूल्यांकनाचं वर्ष लिहा. दर्जा बदलतो, आणि वर्षाशिवायचा रकाना जुन्या पुस्तकातल्या गणासारखाच घोळ घालतो.