मराठवाड्यात घरी ब्लॉकचेन नोड चालवणे परवडते का?

धागाकर्ता, परभणी

घरी नोड, म्हणजे ब्लॉकचेनमधले (व्यवहारांच्या सामायिक वहीतले) व्यवहार स्वतः तपासणारा संगणक, चालवणे हा मोठ्या शहरांतल्या पैसेवाल्यांचा छंद आहे आणि आपल्या भागात तो झेपणारच नाही, असे मत अलीकडे वारंवार ऐकू येते. मला ते मुळीच पटत नाही, म्हणून हिशेबासह विषय मांडतो.

3 जानेवारी 2009 पासूनची बिटकॉइनची संपूर्ण साखळी आता 600 जीबीच्या पुढे गेली आहे. ती ठेवायला 1 टीबीचा एसएसडी, 8 जीबी रॅम आणि रास्पबेरी पायसारखे तळहाताएवढे यंत्र पुरते. जुने ब्लॉक (व्यवहारांचे गठ्ठे) तपासून झाल्यावर टाकून द्यायचे ठरवले, तर ब्लॉकांसाठीची जागा 550 एमबीपर्यंत खाली आणता येते. न खर्चलेल्या नाण्यांच्या यादीला मात्र दहा-बारा जीबी वेगळे लागतातच. असे यंत्र 15 वॉट घेते असे धरल्यास महिन्याला 11 युनिट होतात, म्हणजे युनिटला 10 रुपये पडले तरी बिलात 110 रुपयांची भर. इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनला अधिक लागते: 2 टीबीचा एनव्हीएमई (अधिक जलद प्रकारचा) एसएसडी आणि किमान 16 जीबी रॅम, शक्यतो 32. साधी हार्डडिस्क तिथे चालत नाही, कारण दर 12 सेकंदांनी येणाऱ्या ब्लॉकसाठी लागणारे विखुरलेले वाचन-लेखन तिला पेलत नाही. तरीही 40 वॉटच्या छोट्या संगणकाला महिन्याकाठी 29 युनिटच लागतात.

मोंढ्यात सोयाबीन उतरवले की आपण काट्यापाशी उभे राहतो. आडत्या ओळखीचा असला तरी वजन स्वतः पाहतो. स्वतःचा नोड म्हणजे तसेच काट्यापाशी उभे राहणे आहे आणि त्यासाठी एवढा खर्च मला रास्त वाटतो.

प्रतिसाद, लातूर

आपला हिशेब वीज असतानाचा आहे. वीज जाते तेव्हाचा खर्च त्यात कुठेच आलेला नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात दिवसातून तीन-चार वेळा वीज जाते. साध्या इन्व्हर्टरवर वीजबदलाच्या क्षणी संगणक पुन्हा सुरू होतो आणि त्याच क्षणी डेटाबेसमध्ये लेखन चालू असले तर तो बिघडू शकतो. मी हे स्वतः भोगले आहे: वैशाखातल्या एका दुपारी वीज गेली, नोड परत उभा राहीना, आणि संपूर्ण साखळी नव्याने तपासण्यात आठवडा गेला. म्हणजे संगणकाला यूपीएस हवा, राऊटरला आणि फायबरच्या डबीला बॅटरी हवी, आणि एवढे करूनही केबलवाल्याच्या चौकातल्या पेटीची वीज गेली की इंटरनेट जातेच. खोलीत 42 अंश असताना एनव्हीएमई तापतो आणि आपोआप मंदावतो; त्यावर पंखा आला, पत्र्याच्या खोलीत तर कूलरही आला.

यापेक्षा मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये सर्व्हर भाड्याने घ्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे. तिथे जनरेटर असतो, थंडावा असतो आणि स्थिर आयपी पत्ताही मिळतो. आपल्याकडील बहुतेक घरगुती जोडण्या सामायिक पत्त्यामागे असल्याने बाहेरचे नोड आपल्यापर्यंत थेट पोहोचू शकत नाहीत. आपण फक्त इतरांशी जोडले जातो.

प्रतिसाद, छत्रपती संभाजीनगर

भाड्याचा सल्ला सोयीचा आहे, पण सगळ्यांनी तोच मानला की काय होते ते नोव्हेंबर 2022 मध्ये दिसले. हेट्झनर या जर्मन कंपनीने आपल्या भाड्याच्या सर्व्हरांवरचे सोलाना या ब्लॉकचेनचे नोड बंद केले आणि त्या जाळ्यातला सुमारे पाचवा हिस्सा एकाच वेळी बाहेर पडला. त्याआधी 11 नोव्हेंबर 2020 रोजी इन्फुरा ही इतरांसाठी इथेरियमचे नोड चालवणारी सेवा अडखळली, तेव्हा तिच्यावर विसंबलेली इथेरियमची पाकिटे थांबली आणि काही क्रिप्टो बाजारांना ग्राहकांचे पैसे काढणे रोखावे लागले.

मात्र धागाकर्त्यांनी सर्व साखळ्या एका मापाने मोजू नयेत. सोलानाच्या व्हॅलिडेटरला (ठेव ठेवून ब्लॉकांवर मत देणाऱ्या नोडला) 256 जीबी किंवा अधिक रॅम, वेगवेगळे एनव्हीएमई आणि सेकंदाला 1 गिगाबिटची जोडणी लागते. शिवाय मतांच्या व्यवहारांचे शुल्क आजवर दिवसाला सुमारे 1 सोल (सोलानाचे नाणे) पडत आले आहे. हे घरी होणे नाही, ना परभणीत ना पुण्यात.

धागाकर्ता, परभणी

सोलानाबाबतची दुरुस्ती मान्य आहे. ब्लॉक मोठे आणि जलद केले की नोड घराबाहेर जातो. बिटकॉइनमध्ये ब्लॉकच्या आकारावरून 2015 ते 2017 दरम्यान झालेला वाद याच मुद्द्यावर होता. उलट इथेरियमने जुलै 2025 पासून विलीनीकरणापूर्वीचा (सप्टेंबर 2022 मध्ये खाणकाम सोडून ठेवीवर आधारित पद्धत आली, त्याआधीचा) इतिहास काढून टाकण्याची मुभा दिली, त्यामुळे 300 ते 500 जीबी जागा सुटली आणि 2 टीबीचा डिस्क अजून पुरतो आहे.

विजेबद्दल लातूरकरांचा अनुभव खरा आहे, पण वीज गेल्याचा दंड जेवढा समजला जातो तेवढा जबर नसतो. 32 इथर (इथेरियमचे नाणे) ठेव म्हणून ठेवून व्हॅलिडेटर चालवणाऱ्याचे यंत्र बंद पडले, तर चालू असताना जेवढे मिळाले असते साधारण तेवढेच कापले जाते. चार तासांची तूट पुढच्या चार तासांत भरून निघते. ठेवीतून दंड कापून व्हॅलिडेटरला बाहेर काढले जाते ते वेगळ्या चुकीने, आणि इथे मनापासून सावध करतो: वीज जाते म्हणून व्हॅलिडेटरची मतांवर सही करणारी तीच गुप्त किल्ली दुसऱ्या गावातल्या संगणकावरही चालू ठेवू नका. दोन्ही यंत्रांनी एकाच वेळी वेगवेगळी मते दिली, तर तोच अपराध ठरतो. त्यापेक्षा यंत्र बंद राहिलेले बरे.

प्रतिसाद, लातूर

किल्लीचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. मी नेमका तोच बेत आखत होतो, आता सोडून देतो. तरी करापाशी माझी हरकत कायम आहे. 1 एप्रिल 2022 पासून आभासी मालमत्तेच्या विक्रीतील नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि त्यातून खरेदीची किंमत सोडून यंत्र, यूपीएस किंवा विजेचा खर्च वजा होत नाही. ज्याला कमाई हवी त्याने हे आधी मांडून पाहावे. ज्याला केवळ स्वतःचे व्यवहार स्वतः तपासायचे आहेत, त्याने बिटकॉइनचा छोटा नोड लावावा. 15 वॉटचे यंत्र आणि राऊटर मिळून 12 व्होल्टच्या लहान बॅटरीवर दुपार काढतात, एवढे मीही मान्य करतो.