वुडटर्निंग गटाचं वर्षाचं वेळापत्रक: कोणतं प्रात्यक्षिक कोणत्या महिन्यात?

रंधा_पुणे
नमस्कार मंडळी. आम्ही १८ जण पुण्यात लेथवर लाकूड कातायला महिन्यातून एका रविवारी भेटतो. निम्मे नवखे आहेत. एक मोठा लेथ आहे (१ एचपी, व्हीएफडीवर, म्हणजे वेग हवा तसा कमी-जास्त करता येतो), दोन १२ इंची मिडी लेथ आणि एक ६ इंची बेंच ग्राइंडर. जूनपासूनचा कच्चा आराखडा असा: जूनमध्ये वाडगा, जुलैत झाकणाची डबी, ऑगस्टमध्ये शेलॅक (स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख) पॉलिश, सप्टेंबरमध्ये लाखकाम, ऑक्टोबरात धार लावणं, आणि नोव्हेंबरपासून लाटणं, भोवरा, स्क्यूचा (तिरप्या धारेच्या पटाशीचा) सराव. क्रम बरोबर वाटतो का? प्रात्यक्षिक आणि कार्यशाळा एकाच दिवशी घ्यावी की वेगवेगळी?

काळाकुडा
क्रम जवळजवळ उलटा करा. आपल्याकडे वेळापत्रक हवेतल्या पाण्यावर बेतावं लागतं. पावसाळ्यात आर्द्रता ८०-८५ टक्के असते तेव्हा सुकलेलं लाकूडसुद्धा १६-१७ टक्के पाणी धरून बसतं. मार्च-एप्रिलात दुपारची आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास आली की तेच लाकूड ६-७ टक्क्यांकडे उतरतं. आता जुलैत कातलेली सागवानी डबी घ्या, तोंडाचा व्यास ६० मिमी. उन्हाळ्यापर्यंत ते तोंड वार्षिक वलयांच्या दिशेने साधारण १ मिमी आक्रसतं, आणि त्याच्या काटकोनात जेमतेम अर्धा मिमी. म्हणजे गोल तोंड अंडाकृती होतं. झाकण आणि डबी एकाच तुकड्यातली असेल तर लाकडाच्या रेषा जुळवून ठेवल्यावर झाकण बसेल, पण जरा फिरवलं की अडकेल. नवख्याला वाटतं आपलं माप चुकलं. माप बरोबर असतं, महिना चुकलेला असतो.

म्हणून डबी फेब्रुवारी-मार्चमध्ये ठेवा. त्यातही आधी आतून पोखरून भिंत ८-१० मिमी जाड सोडा, दोन-तीन आठवडे तशीच राहू द्या आणि मग झाकणाची अंतिम बसवणूक करा. एकाच बैठकीत सुरुवात आणि शेवट उरकलेली डबी बहुधा बिघडते, कारण आतलं लाकूड नुकतंच उघडं पडलेलं असतं आणि त्यातला ताण सुटायचा बाकी असतो.

वाडगा मात्र पावसाळ्यातच घ्या, फक्त ओल्या लाकडाचा आणि अर्धवट कातलेला. जुलै-ऑगस्टमध्ये पडलेल्या आंब्याची, शिरीषाची खोडं सहज मिळतात (पडलेलं झाड उचलतानाही महापालिकेच्या उद्यान विभागाला विचारूनच उचला). खोड मधोमध उभं चिरा आणि खोडाचा मधला बिंदू दोन्ही अर्धांतून काढून टाका. तो वाडग्यात राहिला की तडा ठरलेलाच. भिंतीची जाडी व्यासाच्या एक दशांश: २५० मिमीच्या वाडग्याला २५ मिमी, तळालाही तेवढीच. भिंत जाड-पातळ राहिली तर पातळ भाग आधी सुकतो आणि जाड भाग त्याला फाडतो. सुकताना चकमध्ये (लेथच्या पकडीत) धरायचं कुसूही (तळाचा गोल उंचवटा) अंडाकृती होतं. दुसऱ्या फेरीत ते परत गोल करायचं असतं, म्हणून व्यासात ५-६ मिमी जादा सोडा.

बाहेरून जिथे रेषांची टोकं उघडी पडतात तिथे पातळ मेण लावा. वजन आणि तारीख वाडग्यावरच पेन्सिलीने लिहा आणि वर्तमानपत्रात गुंडाळून जमिनीपासून वर, हवेशीर जागी ठेवा. परदेशी व्हिडिओंत ओल्या ढलप्यांत पुरून ठेवायला सांगतात. आपल्या पावसात तसं केलं तर आठवड्याभरात बुरशी चढते. आंब्यावर बारीक पिठासारखी भुकटी दिसू लागली तर ती कीड आहे, तो वाडगा लगेच बाकीच्यांपासून दूर करा. वजन सलग तीन-चार आठवडे स्थिर राहिलं की दुसरी फेरी. ऑगस्टचे वाडगे फेब्रुवारीपर्यंत तयार होतात.

तासणी
ऑक्टोबरात धार लावणं? ती जूनमध्येच हवी, तीही पहिल्या तासात. नवख्याच्या अडचणींपैकी बऱ्याचशा बोथट हत्यारातून येतात. हत्यार बोथट असलं की माणूस जोर लावतो, जोर लावला की बेव्हल (धारेमागचा उतार) लाकडावरून उचलला जातो आणि धार आत घुसते.

कोन भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा: रफिंग गाऊज (गाऊज म्हणजे पन्हाळीसारखी पोकळ पटाशी) ४५ अंश, स्पिंडल गाऊज ३५-४०, बाऊल गाऊज ५५-६०, स्क्यूचा दोन्ही बाजू मिळून ४० च्या आसपास. ग्राइंडरचं करडं चाक काढून ८० ग्रिटचं पांढरं ॲल्युमिनियम ऑक्साइडचं बसवा आणि ड्रेसर (चाकाचं तोंड साफ आणि सपाट करणारं साधन) जवळ ठेवा. बेव्हलवर मार्कर फिरवा, चाक हाताने एक फेरा फिरवून बघा. शाई टाचेकडेच (बेव्हलच्या मागच्या कडेला) पुसली गेली तर टेकू पुढे-मागे करा, धारेपासून टाचेपर्यंत सारखी पुसली तर कोन जुळला. एचएसएसचं (हाय-स्पीड स्टीलचं) टोक निळं पडलं तरी कडकपणा जात नाही, आणि ते पाण्यात बुडवू नका, बारीक तडे जातात. स्थानिक लोहाराकडच्या साध्या पोलादी हत्याराचं उलट आहे: ते निळं पडलं की मऊ झालं, म्हणून सारखं पाण्यात बुडवत हलक्या हाताने घासायचं.

जूनमध्येच आणखी एक गोष्ट हत्यारं हातात धरून दाखवा. रफिंग गाऊज वाडग्यावर कधीही लावायचा नाही. त्याची दांड्यात जाणारी शेपटी चपटी आणि अरुंद असते. वाडग्यात प्रत्येक फेऱ्यात दोनदा रेषांची टोकं समोर येतात, तिथे रुंद धार अडकली की शेपटी दांड्यापाशीच मोडते.

जुलै लाटण्याला द्या. मध्ये ३०-३२ मिमी, टोकांकडे निमुळतं. साधं दिसतं, पण स्क्यूची खरी परीक्षा तिथेच होते. धारेचा मधला आणि आखूड टोकाकडचा भागच लाकडाला लागला पाहिजे. लांब टोक वर सरकून लाकडाला भिडलं की एका झटक्यात मळसूत्रासारखी खोबण पडते. कापायचं नेहमी जाडाकडून बारकाकडे.

केवडा
लाखकाम सप्टेंबरात नको, डिसेंबर-जानेवारीत घ्या. लाख घर्षणाच्या उष्णतेवर पसरते. लाकडात पाणी असेल तर तेच आधी वाफ होऊन बाहेर येतं, लाखेला फोड येतात आणि नखाने पापुद्रा सुटतो. शेलॅक पॉलिशचं दुखणंही त्याच जातीचं: स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतलं पाणी तिथे जमतं आणि पांढरट धुकं बसतं. ऑगस्ट त्यासाठी सर्वांत वाईट.

लाकूड काळा कुडा मिळाला तर उत्तम. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी त्याच लाकडाची, पांढरं आणि दाट पोताचं. नाहीतर नीट सुकलेलं दुसरं बारीक पोताचं फिकट लाकूड चालेल. पृष्ठभाग २४० ग्रिटपर्यंत घासा, धूळ कोरड्या फडक्याने पूर्ण काढा, तेल किंवा मेण अजिबात नको. ३०-४० मिमी व्यासाला १५०० ते २००० आरपीएम ठेवा. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून एका टोकाकडून दुसरीकडे न्या. रंग ठिपक्याठिपक्यांनी बसला तर वेग किंवा दाब कमी आहे. काळपट रेघा आल्या तर कांडी एकाच जागी फार वेळ थांबली. मग केवड्याचं सुकं पान: कडेचे काटे आधी सोलून टाका, पान दुहेरी दुमडा आणि लाख अजून गरम असतानाच दाबून फिरवा. उंचवटे वितळून सपाट होतात आणि आरशासारखी चकाकी येते. लाख गार झाल्यावर पान फिरवून काही होत नाही, कांडी पुन्हा हलकेच टेकवून ती गरम करावी लागते.

लाखेचे चमचे, पळ्या करू नका, गरम जेवणाने लाख मऊ पडते. सभासदांना घेऊन एकदा सावंतवाडीला जाऊन या. राजवाड्यात गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) आणि लाखकाम पाहायला मिळतं आणि चितारआळीत लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत. वर्षातल्या एका व्याख्यानाचं काम ती सहल करेल.

गोलाई_मिनेसोटा
इथे अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स १९८६ पासून आहे आणि तिच्याशी जोडलेले स्थानिक क्लब गावोगावी आहेत. त्यांच्याकडून घेण्यासारखं म्हणजे प्रात्यक्षिकाची तयारी. दीड तासात वाडगा शून्यापासून पूर्ण होत नाही. म्हणून दाखवणाऱ्याने तीन तुकडे आधीच तयार ठेवावेत: एक नुसता गोल केलेला, एक बाहेरून पूर्ण, एक आतून अर्धा. बघणाऱ्यांना समोर दिसतं ते कापणं, घासण्यात वेळ जात नाही.

लेथवरचा तुकडा सुटला तर तो ज्या रेषेत उडेल तिथे एकही खुर्ची नको. लोकांना टेलस्टॉकच्या (लेथच्या उजव्या टोकाच्या टेकूच्या) बाजूला बसवा आणि हत्याराच्या टोकावर रोखलेला एक मोबाइल टीव्हीला जोडा. मागे बसलेल्याला बेव्हल दिसला नाही तर प्रात्यक्षिक वाया.

कार्यशाळा वेगळ्या दिवशी घ्या, पण दोन आठवड्यांच्या आत आणि त्याच वस्तूची. तीन लेथवर सहा जण, एक कातणार आणि एक शेजारी उभा राहून बघणार, शिकवणारे दोन. वेगाचा हिशेब पाठ करून घ्या: व्यास इंचांत गुणिले आरपीएम, उत्तर ६००० ते ९००० मध्ये. ८ इंची वाडग्याला ७५० ते ११००. तुकडा असमतोल असेल तर याच्याही खाली सुरू करा. साधा चष्मा नको, पूर्ण फेसशील्ड हवं. हातमोजे, ओढणी, पदर, लांब बाह्या बाहेर. ऑगस्टच्या सत्रात मनगटावरच्या राख्याही आठवणीने उतरवून ठेवायला सांगा.

रंधा_पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार. नवा क्रम: जून धार आणि सुरक्षा, जुलै लाटणं, ऑगस्ट ओले वाडगे, सप्टेंबर भोवरा, ऑक्टोबर लाकडांची ओळख (व्याख्यान), नोव्हेंबर पुन्हा धार, डिसेंबर-जानेवारी लाख आणि शेलॅक, फेब्रुवारी वाडग्यांची दुसरी फेरी, मार्च डबी. वाडग्यांना शेवटी कोणतं तेल? घरचं खोबरेल चालेल का?

काळाकुडा
खोबरेल सुकत नाही, चिकट राहतं आणि धूळ धरतं. शेंगदाण्याचं खवट होतं. खाण्याच्या वाडग्याला फार्मसीतलं लिक्विड पॅराफिन आणि मधमाशीचं मेण, वजनाने ४ ला १, वॉटरबाथवर (गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात) विरघळवून लावा, थेट आचेवर नको. जवसाचं तेल वापरायचं असेल तर सुकायला दिवस लागतात, थर पातळच द्या. आणि त्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सुटते, बोळ्यात ती अडकते आणि फडकं आपोआप पेटतं. वापरून झाली की पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवा, झाकण लावा आणि डबा हॉलबाहेर ठेवा.