हरीण आत येईल, बाहेर जाणार नाही

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजे-सरदार शिकारीसाठी कुंपण घालून हरणं राखत, त्या रानांना डिअर पार्क म्हणत. त्याबद्दल एकांनी विचारलंय की नुसत्या फळ्यांच्या कुंपणात हरणं राहायची कशी, उडी मारून पळायची नाहीत का? खरी गंमत तिथेच आहे. चर कुंपणाच्या आतल्या बाजूला खणायचे आणि निघालेल्या मातीचा बाहेरच्या बाजूला बांध घालून त्यावर ओकच्या फळ्या ठोकायचे. आतल्या हरणाला चरातून उडी घ्यायची, म्हणजे उंची चांगलीच वाढली. बाहेरून मात्र सोपं! काही ठिकाणी तर रानातलं हरीण आत पडावं म्हणून मुद्दाम तशी जागा ठेवत. (हरणं राजाची, तेव्हा त्यासाठी परवानगी लागे.)

अशा पार्कांपैकी इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या सेव्हनओक्स गावाला लागून असलेलं नोल पार्क घ्या. कँटरबरीचे आर्चबिशप (इंग्लंडमधले सर्वांत वरचे धर्मगुरू) टॉमस बूर्शिए यांनी १४५६ मध्ये नोल विकत घेतलं आणि रान कुंपणात घेतलं. पुढे राजा आठव्या हेन्रीने ते तेव्हाचे आर्चबिशप क्रॅनमर यांच्याकडून स्वतःकडे घेतलं; राजाला नाही कोण म्हणणार? ऑक्टोबर १९८७ च्या वादळात तिथली बहुतेक झाडं एका रात्रीत आडवी झाली. हरणं अजून आहेत. फॅलो जातीची हरणं अंगावरच्या ठिपक्यांमुळे थेट आपल्या चितळासारखी वाटतात, शिंगं तेवढी पंजासारखी पसरट.