गादी गमावलेले राजे: आधी चरित्र वाचावं की आधी काळाचा इतिहास?

बखरवाचक
माझं मत: आधी चरित्र. रशियाचा झार दुसऱ्या निकोलसने १९१५ मध्ये सरसेनापतीपद स्वतःकडे घेतलं आणि मोगिल्योवच्या मुख्यालयात जाऊन बसला. तिथून पुढे प्रत्येक पराभवाचं खापर त्याच्याच डोक्यावर, आणि मागे राजधानीत राणीची ढवळाढवळ. मंत्री नको म्हणत असताना तो का गेला, हे धान्याच्या भावांवरून कळणार नाही. स्वभाव कळावा लागतो.

ताळेबंद
नेमकं उलट. चरित्रकाराला शेवट ठाऊक असतो, त्यामुळे राजाचं बाळपणसुद्धा अपशकुनांनी भरून जातं. फ्रान्सचा सोळावा लुई घ्या. 'दुबळा, शिकारीत रमलेला' म्हटलं की झालं! १७८१ मध्ये त्याचं अर्थखातं सांभाळणाऱ्या नेकरने राज्याचा जमाखर्च छापला, त्यात अमेरिकेतल्या युद्धाचा जादा खर्च धरलाच नाही आणि चक्क शिल्लक दाखवली. १७८८ पर्यंत सरकारी खर्चाचा जवळपास अर्धा भाग कर्जापायी जात होता. नवा कर लावावा तर फर्मान पॅरिसच्या पार्लमाँत नोंदवून घ्यायचं, आणि ते उच्च न्यायालय अडून बसलेलं. तिथे खंबीर राजा तरी काय करणार होता?

बखरवाचक
खजिना रिकामा होता, कबूल. पण जून १७९१ मध्ये लुईला रातोरात पळताना क्रांतीला दूषणं देणारं स्वहस्ताक्षरातलं निवेदन मागे ठेवायला खजिन्याने सांगितलं होतं? व्हरेन गावी पकडला गेल्यावर 'राजाला पळवून नेलं' ही सारवासारव त्या कागदापुढे टिकेना. हे कुठल्या ताळेबंदात बसवता?

शकावली
भांडा, पण आधी तारखा जुळवून घ्या. निकोलसने गादी सोडली ती २ मार्च १९१७ ला की १५ मार्चला? दिवस एकच. रशियाची जुनी दिनदर्शिका तेव्हा १३ दिवस मागे होती, ती १९१८ मध्ये बदलली. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सच्या शिरच्छेदाची तारीख जुन्या इंग्रजी कागदांत ३० जानेवारी १६४८ दिसते, कारण तिकडे नवं वर्ष २५ मार्चला लागे. आपण १६४९ म्हणतो. दोन चरित्रं शेजारी ठेवून वाचणार असाल तर कागदावर जुनी-नवी असे दोन रकाने पाडा, नाहीतर पत्राच्या आधीच उत्तर पोचलेलं दिसेल.

आणि लुईच्या रोजनिशीतलं, बास्तिलचा तुरुंग पडला त्या १४ जुलै १७८९ चं 'काही नाही' कृपया पुन्हा आणू नका. ती मुख्यतः शिकारीची नोंदवही होती. त्या दिवशी शिकार नाही, एवढाच अर्थ.

ताळेबंद
आणि लिहिणारा कोण, तेही पाहा. संभाजी महाराजांची डागाळलेली प्रतिमा बरीचशी मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीतून आली. ती महाराजांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली, आणि लेखकाचे पूर्वज बाळाजी आवजी यांना महाराजांनीच १६८१ मध्ये देहदंड दिलेला.

बखरवाचक
म्हणजे बखर कळायला बखरकाराचं घराणं बघायचं. मग राजा कळायला राजाचं का नको? आणि व्हरेनच्या कागदाचं उत्तर अजून आलेलं नाही.