कोबोल: सबप्रोग्राम कॉल केला की माझीच तारीख बदलून येते, काय करू?

बॅचवाला:
मंडळी, मदत हवीये. माझा बॅच प्रोग्राम लूपमध्ये व्याज काढणारा सबप्रोग्राम कॉल करतो, मुद्दल, तारीख आणि रिटर्न कोड (काम झालं की चूक आली ते सांगणारा आकडा, शून्य म्हणजे ठीक) असे तीन फील्ड पाठवतो. पहिल्या खात्याला सगळं बरोबर, दुसऱ्यापासून बोंब. डिस्प्ले टाकून बघितलं तर जाताना तारीख १५०८२०२३ आणि परत येताना २०२३०८१५, म्हणजे आतला प्रोग्राम ती उलटी करून माझ्याच फील्डात लिहितोय आणि पुढच्या कॉलला तीच उलटी तारीख जाते. सबप्रोग्राम दुसऱ्या टीमचा आहे, त्यांना सांगितलं तर म्हणतात आमच्याकडे चालतंय. कॉलच्या आधी तारीख दुसऱ्या फील्डात ठेवून नंतर परत मूव्ह करणं एवढाच उपाय आहे का?

मेनफ्रेमकाका:
अरे मूव्ह-बिव्ह कशाला. काही लिहिलं नाही तर कोबोल बाय रेफरन्स धरतं, म्हणजे तुझ्या फील्डचा पत्ताच जातो, लिंकेज सेक्शनमध्ये (आतल्या प्रोग्रामचा, आलेले फील्ड घेणारा भाग) वेगळी जागा नसते, त्यामुळे तिथे जे लिहिलं जाईल ते तुझ्याच वर्किंग स्टोरेजमध्ये, म्हणजे तुझ्या प्रोग्रामच्या स्वतःच्या फील्डांत. तारखेच्या आधी बाय कंटेंट लिही, मग कॉपी जाते आणि तिकडे काहीही करू देत.

बॅचवाला:
काका, तारीख आता जशीच्या तशी राहते 🙏 पण नवीनच लफडं, रिटर्न कोड कायम शून्य येतोय, मुद्दाम चुकीचं खातं दिलं तरी.

रात्रपाळी:
कारण बाय कंटेंट एकदा लिहिलं की पुढच्या सगळ्या पॅरामीटरना (कॉलमध्ये पाठवलेल्या फील्डांना) लागू होतं. तुझ्या रिटर्न कोडचीही कॉपीच गेली, उत्तर त्या कॉपीत लिहिलं गेलं आणि तू बघतोयस मूळ फील्ड. रिटर्न कोडच्या आधी परत बाय रेफरन्स लिही. आणि हो, दोन्हीकडची लांबी पण बघून घे, तुझ्याकडे ८ ची तारीख आणि लिंकेजमध्ये १० ची असेल तर तो दोन बाइट पुढे लिहील, तिथे कॉपीसुद्धा वाचवत नाही.

मेनफ्रेमकाका:
बरोबर. खरं तर माझ्या मते त्या टीमनेच सुरुवातीला तारीख स्वतःच्या फील्डात मूव्ह करून घ्यायला हवी, आलेल्या पॅरामीटरवरच खाडाखोड कसली करता. पण तेही प्रत्येक कॉलला करायला हवं, व्हॅल्यू क्लॉजवर (फील्डला सुरुवातीची किंमत देणारा) विसंबले तर दुसऱ्या कॉलला मागचंच उरलेलं सापडेल, प्रोग्राम इनिशियल (प्रत्येक कॉलला नव्याने सुरू होणारा) नसेल तर.

बॅचवाला:
लांबी ८-८ च आहे, रिटर्न कोडपुढे बाय रेफरन्स टाकलं, चुकीच्या खात्याला आता एरर कोड येतोय. त्या टीमला मेल टाकतो, बघू काय म्हणतात.